शेरभर नाचणी

सातव्या रकान्यात आईचं नाव लिहायचं होतं. ते नक्की व्हायला अठरा दिवस लागले.

गोव्यातल्या खाणी बंद पडून दुसरं वर्ष चाललं होतं. ज्या घरातला ट्रक उभा राहिला किंवा खाणीवरची हजेरी तुटली, आणि ज्या घरात दोन वर्षांच्या आतलं मूल आहे, अशा घराला साहाय्य निधीतून दरमहा अडीच हजार रुपये आणि आहाराचा एक डबा मिळणार होता. डब्यात दुधाची पावडर, नाचणीचं सत्त्व, गूळ, शेंगदाणे. अंड्यांसाठी वेगळी कुपनं. निधीनं माझ्यासारख्या अकरा नव्या पदवीधरांना तीन महिन्यांच्या करारावर घेतलं, प्रत्येकाच्या हातात टॅब दिला आणि घरोघर पाठवलं. मी पेडण्यातल्या तुयेची. वडील तिथल्याच औद्योगिक वसाहतीत फिटर. पदार्थविज्ञानात बी.एस्सी. झाले होते आणि पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. मला डिचोलीतल्या मुळगावाजवळच्या चार वाड्या मिळाल्या.

पहिल्या दिवशी मी अंगणवाडीतला टांगता वजनकाटा तपासला. एकेक लिटर पाण्याच्या बाटल्या पिशवीत घालून अडकवल्या. आधी एक, मग दोन, मग पाच. बाटल्यांचं आणि पिशवीचं वजन वजा केलं तरी काटा दर वेळी दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता.

"बरां आसा मगे," अंगणवाडीच्या सुशीलाताई म्हणाल्या. "पोरां जरा अंगान दिसतत."

"पण ताई, ते खोटं आहे."

"दोनशे ग्रॅम खोटां. तेवढां माणसान सोसूक व्हयां."

मी प्रत्येक वजनातून दोनशे ग्रॅम वजा करू लागले. त्यामुळे माझ्या वाड्यांतली मुलं कागदावर सगळ्या तालुक्यापेक्षा हडकुळी दिसायला लागली आणि कार्यालयात कुरबुर सुरू झाली. तरी तोवर मी कुणाचं नुकसान केलेलं नव्हतं.

पद्मावती गवसचं घर तिसऱ्या वाडीत, रस्त्यापासून खाली. नवरा शंभू खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. ट्रक मालकाच्या अंगणात ताडपत्रीखाली गेला तसा तो कर्नाटकात होस्पेटच्या बाजूला कुणाचा तरी टँकर चालवायला गेला. महिन्यातून एकदा फोन यायचा, पैसे कधी यायचे, कधी नाही. घरात पद्मावती, तिची सासू पार्वती आणि एक नऊ महिन्यांची मुलगी. मी गेले तेव्हा ती मुलगी दारात गोणपाटावर बसून जमिनीवरचा तांदळाचा दाणा दोन बोटांनी उचलायचा प्रयत्न करत होती. तिला धोंडी म्हणत.

"ही तुमची ना?" मी टॅब उघडत विचारलं.

"नाय," पद्मावती म्हणाली. तिनं मुलीला उचललं, पदराखाली घेतलं आणि पाजायला लागली.

"मग कोणाची?"

"विनोदिनीवयनीची. थयसर, पत्र्याच्या गेटाचां घर."

"आणि दूध तुम्ही पाजता?"

"माका ठेवलां हा, दूध पाजूक."

दोघींच्या हनुवटीला अगदी सारखी खळी होती. सुशीलाताईंनी मला आधीच जन्मदाखल्याची प्रत दिली होती. त्यावर आई म्हणून पद्मावतीचंच नाव होतं. मी तो दाखला तिच्यासमोर धरला. तिनं तो नीट पाहिला, मान हलवली आणि परत दिला, जणू दुसऱ्या कुणाचं टपाल चुकून तिच्याकडे आलं होतं.

सासू अंगणात केरसुणीसाठी माडाच्या चुडताचे हीर काढत बसली होती. तिला माझी दया आली असावी.

"पयलो अकरा दिसांनी गेलो," ती म्हणाली. "दुसरां चार म्हयन्यांचां होवन गेलां. ह्यां झालां तसां बाराव्या दिसा सुपात घातलां आणि विनोदिनीक विकलां. आता जावळ काढीसर आमचां न्हय. देवाक तसां सांगलेलां आसा."

"केवढ्याला विकलं?"

"शेरभर नाचणी."

"आणि जावळ कधी?"

"दोन वर्सां भरली काय."

मी हातातल्या नियमांकडे पाहिलं. दोन वर्षं भरली की निधीही बंद. म्हणजे ज्या दिवशी पद्मावती 'माझी' म्हणायला मोकळी होणार, त्याच दिवशी त्या म्हणण्याचा उपयोग संपणार. कुणी मुद्दाम बसून दोन तारखा जुळवल्या असत्या तरी इतक्या अचूक जुळल्या नसत्या.

निधीचा नियम असा होता की पैसे फक्त आईच्या खात्यात जातील, आणि आईनं अधिकाऱ्यासमोर 'हे मूल माझं' असं सांगून मुलासह फोटो काढू द्यायचा. बापाच्या खात्यात गेलेले पैसे घरी पोचत नाहीत, हे कुणीतरी अनुभवानं ओळखलं असेल. नियम चांगला होता. मला आजही तसंच वाटतं. म्हणून तर जास्त वैताग येतो.

मी पत्र्याच्या गेटाच्या घरी गेले. विनोदिनी परब दारातच उभी होती. वाडीत टॅब घेऊन कुणी आलं की ते तिला आधी कळायचं. तिचा नवरा सरकारी शाळेत मास्तर, तीन मुलगे, तिन्ही दणकट. तिची निवड झाली ती याच कारणानं: जिच्या हाताखाली मूल जगतं, तिला विकायचं.

"होय, माझां," ती म्हणाली. "तीन झिलांवर एक चेडू विकत घेतलंय. कित्यां? सरकार परत मागता काय?"

"तुम्ही अर्ज करणार का मग?"

"माका मेळतले?"

"नाही. तुमच्या घरात सरकारी पगार आहे."

"मग इचारलंस कित्याक? कदेलार बस, च्या घी आणि जा."

मी चहा घेतला. मग तिच्या ओट्यावर, तिनं पुढं केलेल्या खुर्चीत बसून फॉर्म भरला. शेवटी 'शेरा' असा मोकळा रकाना होता. त्यात मी लिहिलं: जन्मदाखल्यावर आईचं नाव पद्मावती शंभू गवस. त्या मूल आपलं असल्याचं नाकारतात. मूल बाराव्या दिवशी प्रथेनुसार शेजारच्या विनोदिनी परब यांना विकल्याचं सांगतात. मोबदला एक शेर नाचणी. दोनदा वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि पाठवलं. मला ते फार नेमकं वाटलं.

चार दिवसांनी, शुक्रवारी, गोकुळदास सरांनी कार्यालयात बोलावलं. ते आमचे पडताळणी अधिकारी, पन्नाशीचे, पेडण्याकडचेच. निधीचं कार्यालय साखळीत एका रंगाच्या दुकानावर भाड्याच्या खोलीत होतं, त्यामुळे तिथं कायम टर्पेंटाइनचा वास यायचा. मी आत गेले तेव्हा सर लॅपटॉपकडे दुखऱ्या दाताकडे बघावं तसं बघत होते.

"तू बालविक्री लिवलंस."

"विक्री नाही सर. प्रथेनुसार, असं लिहिलंय मी."

"सती काय होती? प्रथाच मगे."

"सर, तुम्हाला ही पद्धत माहीत नाही का?"

"माका?" त्यांनी खुर्ची मागं सरकवली. "माझी सख्खी भयण चार आण्यांक विकल्ली. आज ती साठ वर्सांची आसा, तरी शेजारीण तिका 'आमच्या चार आण्यांची' म्हणान हाक मारता."

"मग प्रश्न काय आहे?"

"प्रश्न असो आसा बाय, की माका माहीत असून उपयोग नाय. वरच्यांक माहीत व्हयां. त्येंच्या पडद्यार 'विकणे' आणि 'मोबदला' ह्ये दोन शब्द एका वळीत इले आणि तांबडो दिवो पेटलो."

"मी दुरुस्त करते."

"लॉक झालां तां. आता हांवच उघडूं शकता, तेंय पडताळणी करून."

त्यांनी थर्मासमधून चहा ओतला, मला दिला, आणि मग जरा खालच्या आवाजात बोलले.

"तुमी अकरा जण. बाकीच्या धा जणांक असलां एकय मूल गावलां नसात, असां वाटता तुका? गावलां. तेंनी आईचां नाव लिवलां आणि सोडा पियाक गेले."

नियम त्यांनी मला वाचून दाखवला. दोन आठवड्यांत जागेवर पडताळणी. आईनं 'माझं' म्हटलं, फोटो दिला, की खूण पुसली जाईल आणि अर्ज मंजूर. आईनं नाकारलं, तर कागद बालसंरक्षणवाल्यांकडे. ते चौकशी करतील, आणि चौकशी संपेपर्यंत मुलाला कुठं ठेवायचं ते तेच ठरवतील.

"म्हणजे उचलून नेतील?"

"न्हेतीत, न्हेचे नाय. हांव कसो सांगूं? पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी येतां. तोपर्यंत तिच्या तोंडातसून एक शब्द काड."

बसमध्ये बसून मी तोच तोच विचार करत राहिले. मी खरं तेच लिहिलं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. सुशीलाताईंना हे सांगितलं तर त्या हातातली खिचडीची पळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"गो बाय माझे, तुका तां लिवक कोणी सांगलेलां?"

"शेरा मागितला होता."

"शेरो! 'काय नाय' असां लिवचां शेऱ्यात. मी एकवीस वर्सां लिवतंय, 'काय नाय'. एकाचांय काय बिघडूक नाय."

दुसऱ्या दिवशी मी पद्मावतीकडे गेले. ती धोंडीला पेज भरवत होती. पेज म्हणजे वरचं पाणीच जास्त, बाजूला वाटीत चहात बुडवलेलं बिस्किट. मी टॅबवर वाढीचा आलेख उघडला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. ही रेघ, ही दुसरी रेघ, हा धोंडीचा ठिपका. पाच किलो नऊशे. नऊ महिन्यांच्या मुलीचं निदान साडेसहा तरी हवं. डब्यातल्या पावडरीत किती प्रथिनं, आठवड्याला चार अंडी म्हणजे काय, सहा महिन्यांत ठिपका कुठं पोचेल, हे सगळं मी सांगितलं. तिनं मनापासून ऐकलं. आलेख तिला माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुलांपेक्षा लवकर कळला.

"आणि ह्या सगळ्यासाठी तुम्हाला एक शब्द बोलायचा आहे," मी म्हटलं. "एक."

"तोच बोलूचो नाय म्हणान विकलां ना?"

"शब्दानं काही होत नाही हो. आवाज म्हणजे हवेतल्या लहरी. लहरींनी मूल आजारी पडत नाही."

तिनं चमचा खाली ठेवला.

"पयल्याक मी माझो म्हटलंय," ती म्हणाली. "अकरा दिस. दुसऱ्याक माझां म्हटलंय. चार म्हयने. ह्याका एकदाय म्हणूक नाय. नऊ म्हयने झाले. तुमी शिकलेली. तुमीच सांगा, ह्यात आता मी बदल कित्याक करूं?"

प्रयोगशाळेत मला असं कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. तीन नमुने. तिन्हींची परिस्थिती वेगळी. पहिला घरी जन्मला, ही इस्पितळात. दुसऱ्याच्या लशी राहिल्या, हिच्या झाल्या. यातून काहीच सिद्ध होत नाही. पण 'तुमचे नमुने कमी पडतात' असं दोन मुलं गेलेल्या बाईला सांगता येत नाही. आणि सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग चौथा कुठून आणू?

म्हणून मी दुसरी गोष्ट सांगितली. शुक्रवारची, बालसंरक्षणवाल्यांची. तिनं धोंडीचं तोंड पदरानं पुसलं.

"विकलां म्हणान कोणी सांगलां तेंका?"

"मी."

"तुमी?"

तिनं मुलीला उजव्या मांडीवरून डाव्या मांडीवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या बाजूला. एवढंच केलं. मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

मग मी विनोदिनीकडे गेले. विकलेलं परत घेता येत असेलच. व्यवहार म्हटला की तो उलटाही करता येतो.

"माका काय," विनोदिनी म्हणाली. "तिका सांग, शेरभर नाचणी दी, तुझां चेडू व्हर. पण ती घेवची नाय. म्हातारेन देवाक मुदत सांगल्या ना! दोन वर्सां."

"मुदत कमी करता येत नाही?"

"देवाकच इचार."

ती टोमण्यानं बोलली, पण पार्वतीनं ते मनावर घेतलं. देवाला सांगितलेली गोष्ट मोडायची तर देवालाच विचारायला हवी, हे तिला पटलं. बुधवारी सकाळी आम्ही वाडीच्या देवळात गेलो: पार्वती, विनोदिनी, मी आणि धोंडीला घेऊन पद्मावती. पद्मावती आत आली नाही, पायरीवर बसून राहिली. बाबाजी गुरवांनी काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर पाणी घातलं आणि दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. याला प्रसाद लावणं म्हणतात. आधी उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. उजवी म्हणजे देवाची उजवी, हे मी आधी विचारून घेतलं.

बाबाजींनी मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं: हे देवा म्हाराजा, ह्या घरान तुका दोन वर्सांचो शब्द दिल्लो, आता सरकाराच्या कागदामुळे अडचण इल्या, मुदतीच्या आधी लेकरू परत घेतलां तर चलात काय? आणि आम्ही बघत बसलो.

ओली पाकळी दगडाला धरून राहते ती पाण्याच्या पातळ थरामुळे. थर सुकला की ती पडते. समई देवाच्या उजव्या बाजूला होती, पाकळीपासून फार तर दीड फुटावर. दारही त्याच बाजूला, वारा तिकडूनच येत होता. त्या बाजूचा थर आधी सुकणार हे उघड होतं. मी खरंच निर्धास्त होते. विनोदिनीला म्हटलंसुद्धा, "काळजी करू नका, उजवीच पडेल."

"देव सांगून गेलो तुका?"

एक तास चाळीस मिनिटं झाली. पार्वतीचे ओठ हलत होते. उजवी पाकळी कडेनं वळली, सुकली, तपकिरी झाली आणि तशीच चिकटून राहिली. डावी ओलीच्या ओलीच खाली आली.

"देव नको म्हणता," बाबाजी म्हणाले.

"पुन्हा लावून बघता येईल का?"

"देव म्हणजे तुमचो टॅब न्हय गो, बंद करून परत चालू करूक."

पायरीवर पद्मावतीनं ते ऐकलं होतं. ती उठली आणि आमच्या पुढं चालायला लागली. तिच्या खांद्यावरून धोंडी मागं माझ्याकडे बघत होती. मला देवाचा राग आला, समईचा आला, निधीचा आला, सासूचा आला, आणि हे सगळे राग एकावेळी येऊनही मूळ कारण मीच, हे काही बदललं नाही. मी त्या दिवशी सरांना फोन करून सांगितलं की तुम्हीच परस्पर 'हो' टाका. "फोटो कोणाचो लावूं?" त्यांनी विचारलं. "माझ्या भयणीचो?"

शुक्रवारी अकरा वाजता ते आले. अंगणात आम्ही सगळ्या होतो. सुशीलाताई अंगणवाडी मदतनीस बाईंवर सोपवून आल्या होत्या. विनोदिनी तर आधीपासूनच येऊन पद्मावतीच्या ओट्यावर. सरांनी पाणी मागितलं, प्यायले, चष्मा लावला आणि फोनवरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला.

"सदर बालक आपलंच आहे काय?"

पद्मावती मुलीला कडेवर घेऊन उभी होती.

"परत वाचतां. तीनदा वाचूचां अशी सूचना आसा. सदर बालक आपलंच आहे काय?"

पार्वती म्हणाली, "साहेब, तिका तसां इचारू नकात. देवान नको म्हटलां."

"आजी, माका देवान पाठवूक नाय. माका निधीन पाठवलां." ते चिडले नव्हते, थकले होते. त्यांनी चष्मा काढला. "बाय पद्मावती, ऐक. माका सगळां ठावक आसा. हांव काय तुका गुन्हेगार म्हणना. पण तिसऱ्या वेळाक तू गप रवलंस तर ह्यां बटण आपसूक 'नाही'चां होता. मग माझ्या हातात काय रवणा नाय. दुसरीं माणसां येतलीं. तीं तुजी भास बोलतलीं की नाय, तेंय माका ठावक ना."

"आणि 'नाही' झालां तर चेडवाक न्हेतले?"

"इचारतले पयलीं. मागीर काय तें हांव सांगूं शकना."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं काहीतरी विचारेल. मी उत्तर शोधायलाही लागले होते. पण तिला माझ्याकडून काही नको होतं. तिनं मुलीचं डोकं आपल्या गळ्याशी दाबलं, एक कान छातीवर आणि दुसऱ्या कानावर तळहात, म्हणजे मुलीला ऐकू जाऊ नये.

"सदर बालक आपलंच आहे काय?"

"माझां," ती म्हणाली. आणि मग, कदाचित सरांना ऐकू आलं नसेल असं वाटून, मोठ्यानं: "माझां. माझांच."

पार्वती हातातले हीर टाकून आत गेली. आणि त्याच क्षणी ओट्यावरून विनोदिनी गर्जली.

"खोटां बोलता ती! पैशांसाठी खोटां बोलता! चेडू माझां! शेरभर नाचणी मोजून दिलंय मी, माझां तां!"

ती आमच्याशी बोलतच नव्हती. तोंड वर करून, माडांच्या शेंड्यांच्याही वर कुणाला तरी ऐकवत होती. तिन्ही मुलगे वाढवलेला तो आवाज होता; रस्त्यावरचा पाव विकणारा पोदेर सायकल थांबवून बघायला लागला. "कोणी कायय आयकू नकात! ती खोटारडी आसा! चेडू माझां!"

मला कळायला तीन-चार सेकंद लागली. सरांना मुळीच लागली नाहीत.

"वयनी, तुमी बोलतात तां बोलत रवा," ते म्हणाले, "फकत फोटोत येव नकात." त्यांनी फोन वर केला, पद्मावतीला मुलीच्या कानावरचा हात काढायला सांगितलं, तिनं काढला नाही, त्यांनी तसाच फोटो घेतला आणि बटण दाबलं. फोटोत मुलीचा अर्धा चेहरा आणि आईची पाच बोटं आहेत. तो चालला.

सातव्या रकान्यात पद्मावती शंभू गवस असं आलं. पहिला हप्ता पाचव्या आठवड्यात जमा झाला, डबा त्याआधी. माझा करार संपला तेव्हा धोंडीचं वजन सहा किलो साडेसातशे होतं, दोनशे वजा करून.

खरं तर इथं माझं काम संपलं. पण तुयेला परत आल्यावर मी दर गुरुवारी सुशीलाताईंना फोन करू लागले. धोंडीला ताप नाही ना? जुलाब? खोकला? मला ठाऊक होतं की उच्चारलेल्या शब्दाचा आणि जुलाबांचा काही संबंध नाही. संबंध नाही हे मी कुणालाही कागदावर मांडून दाखवू शकते. तरी गुरुवारी सकाळपासून मला भूक लागत नसे, आणि सुशीलाताई फोन उचलायला वेळ लावत तेव्हा मी रिंग मोजत असे. तिला काही झालं असतं तर ते माझ्या वेलांटी दुरुस्त केलेल्या चार वाक्यांमुळे झालं असतं. लहरींमुळे नाही.

मार्चमध्ये एकदा सुशीलाताई म्हणाल्या, "जरा ताप आसा." मी थर्मामीटर घेऊन निघाले. तुये, म्हापसा, डिचोली, मग रिक्षा. पोचायला दुपार झाली. धोंडी अंगणात एका फुटक्या बालदीला धरून उभी होती. हिरड्या सुजल्या होत्या, दात येत होते. ताप नव्व्याण्णव पूर्णांक एक.

"काही नाही," मी पद्मावतीला म्हटलं. "अगदी काही नाही."

"माका ठावक आसा," ती म्हणाली. तिनं माझ्यासाठी पाणी आणलं. मी पीत असताना ती समोर उभी राहिली, आणि मग अनेक दिवस आवरून धरलेलं बोलली.

"बाय, रागाव नकात. सुशीलाबाय सांगता, तुमी दर बेस्तारवारी फोन करतात. 'बरां आसा मां, बरां आसा मां.' कित्याक इचारतात सारख्या? पैसे मेळले, अंडी मेळतत, चेडू उभ्या रवता. आता तुमीच तेच्या पाठी लागलात. अशान दृष्ट लागता पोराक."

"मी फक्त काळजीनं विचारते."

"तीच लागता."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. नजर म्हणजे काय, डोळ्यातून काही बाहेर जात नाही, प्रकाश आत येतो. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि थर्मामीटर पिशवीत टाकून निघाले.

तेव्हापासून मी विचारत नाही. गुरुवारी फोन बाहेरच्या खोलीत ठेवते आणि मागल्या अंगणात काहीतरी काम काढते. बरी आहे असंही कुणाला म्हणत नाही.